‘त्याला बांधून न्या’ असे म्हणण्यापूर्वी

एखाद्या पांढरपेशा, सुसंस्कृत म्हणवल्या जाणाऱ्या वस्तीत रात्री अकरा वाजता पोलिसांची गाडी येऊन थांबते. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाच्या खोलीची झडती होते आणि पाकिटातून पांढऱ्या स्फटिकांची एक इवलीशी पुडी बाहेर पडते. त्या क्षणी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. घरातून आवाज येतो, ‘आमचा मुलगा तसा नाही.’ जिन्यात जमलेल्या शेजाऱ्यांतून उमटतो तो दुसरा, ‘असल्यांना भर चौकात फटके मारायला हवेत.’ गंमत अशी, की हे दुसरे वाक्य उच्चारणारी कुटुंबेही स्वतःवर वेळ आली की पहिल्याच वाक्याचा आश्रय घेतात. ही दोन्ही वाक्ये खोटी आहेत, आणि ज्या समाजाला या विषाशी लढायचे आहे त्या समाजाला ती परवडणारी नाहीत.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात द्यूताच्या आहारी गेलेल्या माणसाचे जे चित्र आहे, ते आजच्या कोणत्याही व्यसनमुक्ती केंद्रात जसेच्या तसे पाहायला मिळते. आता खेळायचे नाही, असा निश्चय तो करतो. फाशांचा आवाज कानी पडताच त्याची पावले पुन्हा तिकडे वळतात. पत्नी दुरावते, आई झुरते, आणि अखेर बाप, आई व भाऊ म्हणतात की हा कोण आहे हे आम्हाला ठाऊक नाही, याला बांधून घेऊन जा. सहस्रावधी वर्षांनंतर फासे बदलले. घरातून निघणारा तो उद्गार मात्र बदलला नाही.

आक्रमण उंबरठ्यापर्यंत

‘मेथ’, ‘आईस’, ‘क्रिस्टल’ अशा नावांनी विकले जाणारे मेथॅम्फेटामाइन आणि महाराष्ट्रात ‘एमडी’ म्हणून घरोघर ठाऊक झालेले मेफेड्रोन ही दोन्ही एकाच कुळातील उत्तेजक रसायने. मे २०२३ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभाग आणि नौदल यांनी केरळच्या किनाऱ्यालगत सुमारे अडीच हजार किलो मेथॅम्फेटामाइन पकडले. ते मकरान किनाऱ्याकडून आले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानच्या समुद्रात तटरक्षक दलाने म्यानमारच्या एका मासेमारी नौकेतून साडेपाच टनांहून अधिक माल जप्त केला. पश्चिमेला पाकिस्तान आणि इराणचा किनारा, पूर्वेला यादवीने पोखरलेला म्यानमार, अशा दोन्ही बाजूंनी भारतीय तारुण्यावर हा मारा चालू आहे. याला केवळ तस्करी म्हणणे म्हणजे युद्धाला किरकोळ भांडण म्हणणे होय.

तथापि, सारा दोष सीमेपलीकडे टाकून मोकळे होणे हीदेखील आत्मवंचनाच ठरेल. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इफेड्रिनचा टनावारी साठा पकडला तो सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत. २०२३ मध्ये मेफेड्रोनचा कारखाना सापडला नाशिकजवळच्या शिंदे गावात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दीड हजार किलोंहून अधिक मेफेड्रोन हस्तगत केले आणि त्याचे धागे दौंड तालुक्यातील कुरकुंभपासून सांगलीतील कुपवाडपर्यंत व थेट दिल्लीपर्यंत पोहोचले. या कारखान्यांना जागा देणारे, वीज देणारे, रसायने पुरवणारे, हिशेब लिहिणारे आणि दुर्लक्ष करण्याचा मोबदला घेणारे हात परदेशी नव्हते. हे विष बनवण्यासाठी रसायनशास्त्राचे ज्ञान लागते, म्हणजे ते बनवणारा अडाणी नसतो. आणि कोणत्याही एका जातीची वा पंथाची त्यावर मक्तेदारी नाही. स्वार्थापुढे राष्ट्र क्षुद्र वाटू लागले, की स्वकीय आणि शत्रू एकाच पंगतीला बसतात.

सोमरसाचा हवाला देणाऱ्यांना

या विषयावर बोलू लागताच एक वर्ग मंद स्मित करून सोमरसाचा दाखला देतो. तुमचे ऋषीसुद्धा प्यायचेच ना, असा त्याचा प्रश्न असतो. त्यात इफेड्रा या वनस्पतीलाच काही अभ्यासकांनी सोम मानल्याची माहिती त्याला कुठूनशी मिळालेली असते. या मताविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. पण क्षणभर ते मान्य केले, तरी यज्ञविधीच्या बंधनांत, मोजक्या प्रसंगी घेतलेला वनस्पतीचा रस कुठे आणि नाक्यावर विकत घेतलेली रासायनिक भुकटी कुठे? नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये इफेड्रापासून इफेड्रिन वेगळे केले आणि १८९३ मध्ये त्यापासून मेथॅम्फेटामाइन तयार केले. ही प्रयोगशाळेची निर्मिती आहे. वेदांच्या माथी ती मारण्याचे कारण नाही. उलट ज्या ऋग्वेदाचा हवाला दिला जातो, त्याच्याच सातव्या मंडलात वरुणाची क्षमा मागणारे वसिष्ठ मनुष्याला पापाकडे ओढणाऱ्या गोष्टींत सुरा, क्रोध आणि फासे यांची गणना करतात. मद आणि आनंद यांतील भेद वैदिक ऋषींना उमगला होता. तो उमगलेला नाही तो आजच्या ‘पार्टी’संस्कृतीला.

दुसरा युक्तिवाद व्यक्तिस्वातंत्र्याचा. माझे शरीर, माझी निवड, सरकारने नाक खुपसू नये, असे सांगणाऱ्या तथाकथित पुरोगाम्यांना पोर्तुगालचे उदाहरण फार प्रिय असते. २००१ मध्ये त्या देशाने अल्प प्रमाणातील बाळगणे गुन्ह्यांच्या यादीतून काढले, हे खरे. परंतु विक्री तेथेही गुन्हाच राहिली, आणि पुडीसह सापडलेल्याला शाबासकी देऊन घरी पाठवले जात नाही. त्याला एका समितीपुढे उभे केले जाते आणि उपचारांकडे वळवले जाते. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२० च्या जनमतानंतर बाळगण्याची शिक्षा काढून टाकली. उपचारांची व्यवस्था मात्र वेळेवर उभी राहिली नाही. अखेर २०२४ मध्ये त्या राज्याला आपलाच निर्णय मागे घ्यावा लागला. स्वातंत्र्याच्या नावाखाली रुग्णाला त्याच्या व्याधीच्या स्वाधीन करणे याला पुरोगामित्व म्हणत नाहीत, ही निव्वळ बेपर्वाई आहे. शिवाय ज्या पदार्थाचा पहिला बळी निवड करण्याची शक्ती हाच असतो, त्याच्या बाबतीत ‘निवड’ हा शब्द तरी कोणत्या तोंडाने वापरायचा?

झोपलेला मुलगा बरा झालेला नसतो

मेथॅम्फेटामाइन मेंदूत डोपामिनचा पूर आणते. झोप उडते, भूक मरते, दोन-दोन दिवस थकवा जाणवत नाही. परीक्षेच्या रात्री, कॉल सेंटरच्या पाळीत किंवा नृत्याच्या धुंदीत हे वरदान वाटते. पुढे संशय बळावतो, कानात आवाज येऊ लागतात, कुणीतरी पाठलाग करीत आहे असा भ्रम होतो, कातडीखाली किडे वळवळत असल्यासारखे वाटून माणूस स्वतःला ओरबाडतो. एके काळचा हसरा मुलगा आईच्या हातचा चहासुद्धा विष असल्याच्या शंकेने ढकलून देतो.

हा पदार्थ थांबवल्यावर काय होते, याविषयी समाजात घोर अज्ञान आहे. ब्राऊन शुगरच्या गर्दुल्ल्यांची ‘टर्की’ अनेकांनी ऐकलेली असते: अंग मोडून येणे, उलट्या, जुलाब, तळमळ. त्यामुळे व्यसन सुटणे म्हणजे असेच काहीतरी, असा ग्रह असतो. मेथचे तसे नाही. पहिले काही दिवस मुलगा मेल्यासारखा झोपतो. उठला की अधाशासारखा खातो. घरचे हायसे होतात. पोरगे जेवू लागले, झोपू लागले, सुटले एकदाचे, म्हणून देवापुढे साखर ठेवतात. खरा धोका तेव्हाच दाराशी आलेला असतो. झोप सरली की मागे उरते ती खोल उदासी, चिडचिड आणि पदार्थाची अनावर ओढ. कशातच रस वाटत नाही. आवडीचे गाणे, क्रिकेटचा सामना, सणाचा दिवस, सारे बेचव होते. याच काळात आत्महत्येचे विचार डोके वर काढतात. तीव्र लक्षणे साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतात. परंतु आनंदाचा झरा आटल्याची ही अवस्था काही आठवडे, कित्येकदा काही महिने टिकते. अशा मुलाला ‘आळशी’, ‘कृतघ्न’ म्हणून टोचणे म्हणजे पाय मोडलेल्याला पळत नाही म्हणून मारणे होय.

या अंधारात आशेचा किरणही आहे आणि तो शास्त्राने दाखवलेला आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोरा वोल्को आणि सहकाऱ्यांच्या मेंदूच्या चित्रांकनाच्या अभ्यासात, वर्षभराहून अधिक काळ मेथपासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूतील डोपामिन-वाहकांची घटलेली पातळी बऱ्याच अंशी सावरल्याचे दिसले. याचा अर्थ स्पष्ट आहे. मेंदू सावरू शकतो. पण तो एकवीस दिवसांत सावरत नाही. त्याला वर्ष लागते, आणि ते वर्ष कुटुंबाने द्यायचे असते.

ग्रॅमचा हिशेब आणि आयुष्याचा हिशेब

अमली पदार्थांसंबंधीचा १९८५ चा कायदा तरुणांना ठाऊक नसतो आणि पालकांना तो चित्रपटांतून ठाऊक असतो. त्याची प्रत्यक्ष रचना प्रमाणावर उभी आहे. मेथॅम्फेटामाइन असो वा मेफेड्रोन, दोन ग्रॅमपर्यंतचे प्रमाण अल्प आणि पन्नास ग्रॅमपासून पुढचे व्यापारी मानले जाते. अल्प प्रमाण बाळगल्यास कलम २२ नुसार एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून अधिक पण व्यापारी प्रमाणाहून कमी असल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, दंड किमान एक लाख. आणि कलम ३७ मुळे जामीनही दुरापास्त. नुसत्या सेवनालाही कलम २७ खाली पदार्थाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

दोन ग्रॅम म्हणजे चिमूटभर. चार मित्रांनी वर्गणी काढली, एकाने जाऊन सर्वांसाठी तीन ग्रॅम आणले आणि वाटेत तो पकडला गेला, तर ‘हे आमच्या चौघांचे’ हा त्याचा बचाव त्याला वाचवत नाही. उलट पुरवठ्याचा आणि कटाचा आरोप त्याच्यावर आणि मित्रांवर ओढवतो. पुडीत निम्मी भेसळ होती, हेही कामी येत नाही. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे, असे स्पष्ट केले आहे. मैत्रीखातर खोली वापरू देणाऱ्यालाही कलम २५ सोडत नाही. खटला प्रलंबित असेल तर पारपत्र अडू शकते, सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत नोंद उघड होते, आणि परदेशी शिक्षणाच्या ज्या स्वप्नासाठी बापाने कर्ज काढले ते व्हिसाच्या खिडकीवर विझते.

याच कायद्यात एक दार मुद्दाम उघडे ठेवलेले आहे, आणि दुर्दैव असे की त्या दाराचा पत्ता फार थोड्यांना ठाऊक आहे. कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनाधीन माणूस स्वेच्छेने सरकारी वा सरकारमान्य संस्थेत उपचार घेण्यास तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढूनही घेता येते. दोषी ठरलेल्यालाही कलम ३९ खाली तत्काळ शिक्षा न देता बंधपत्रावर उपचारांसाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. व्यापाऱ्याला वीस वर्षे आणि रुग्णाला उपचार, हा विवेक कायदा करणाऱ्यांना सुचला होता. ‘सर्वांना फटके’ म्हणणाऱ्या समाजाला तो सुचत नाही आणि पुडीवाल्याला पकडून आकडा वाढवण्यात समाधान मानणाऱ्या यंत्रणेला तो सोयीचा वाटत नाही. पुडीवाला सापडला की छायाचित्र छापून येते. पुडी जिथून निघाली त्या कारखान्याचा मालक किती खटल्यांत अखेरपर्यंत दोषी ठरतो, हा प्रश्न सरकार कोणत्याही पक्षाचे असो, त्याला विचारलाच पाहिजे.

घरातल्या घरात

आता थोडे आत्मपरीक्षण. मुलाचे लक्षण ठीक नाही हे आईला सर्वांत आधी कळते आणि ती ते सर्वांत शेवटी बोलते. का? तर ‘लोक काय म्हणतील’. मोठ्या बहिणीचे लग्न ठरायचे आहे, बाबांच्या नावाला बट्टा लागेल, संघटनेत तोंड कसे दाखवायचे? मग प्रकरण झाकले जाते. मोबाइल काढून घेणे, देवापुढे शपथ घालणे, गंडादोरा बांधणे, गावी काकांकडे पाठवणे हे उपाय होतात. सर्वांत भयंकर उपाय म्हणजे ‘लग्न लावून द्या, जबाबदारी आली की सुधारेल’. एका निरपराध मुलीला औषधाच्या बाटलीसारखे वापरण्याचा हा प्रकार अधर्म आहे. ज्या समाजाने स्त्रीला देवी म्हटले त्याने तरी हा शब्द न कचरता उच्चारावा.

दुसरे टोक म्हणजे कोपऱ्यावरचे बिननोंदणीचे ‘केंद्र’. तेथे मुलाला रात्री उचलून नेतात, कोंडतात, साखळीला बांधतात, मारहाण करतात, आणि पालक महिन्याचे पैसे भरून निश्चिंत होतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला आहे आणि अशा रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. बेदम मारल्याने ओढ जात नाही. विश्वास मात्र जातो, आणि मुलगा सुटताच थेट पुडीवाल्याकडे जातो.

मेथच्या व्यसनावर जादूची गोळी नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत नाल्ट्रेक्सोनचे इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑन यांच्या संयुक्त उपचाराला १३.६ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. निष्प्रभ औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण २.५ टक्के होते. उपयोग आहे, पण तोकडा. सर्वाधिक परिणाम दिसतो तो वर्तनोपचारांचा: ओढ कधी व कशाने उठते हे ओळखायला शिकवणारे समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग, नियमित तपासणी, आणि तपासणी निर्मळ निघाली की छोटेसे बक्षीस. मधूनच पाय घसरला तर तो पराभव मानायचा नसतो. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कुणी त्याला घराबाहेर काढत नाही.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य होते. विचारांची वाट निराळी असली तरी सेवेला सेवा म्हणण्याइतके मन मोठे असावे. प्रश्न असा, की त्यानंतरच्या चार दशकांत अशी किती केंद्रे राज्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहिली? एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या अधीन झालेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता तरी उपचार मिळाल्याचे आढळले. दारूची ही कथा, तर एमडीची काय असेल?

सज्जनशक्तीचे काम

घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने आरोग्यास घातक अमली पदार्थांच्या बंदीचा प्रयत्न राज्यावर सोपवला आहे. परंतु राज्याचा हात जिथे पोहोचत नाही तिथे समाजाचा पोहोचावा लागतो. ज्या कार्यकर्त्याला वस्तीतील प्रत्येक घर माहीत असते, भूकंपात आणि पुरात जो सर्वांआधी पोहोचतो, त्याला शेजारच्या इमारतीतील रात्रभर जागणारा, वाळलेला, नजर चुकवणारा मुलगा दिसू नये? जेथे शाखा आहे, गणेशोत्सव मंडळ आहे, महिला मंडळ आहे, तेथे तीन कामे आज सुरू होऊ शकतात. नोंदणीकृत केंद्रांची आणि मनोविकारतज्ज्ञांची यादी प्रत्येक वस्तीत असावी. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क क्रमांक आणि विक्रेत्याची खबर देण्यासाठीचा १९३३ क्रमांक फलकावर लिहिलेला असावा. कलम ६४-अ समजावून सांगणारा एक वकील प्रत्येक नगरात तयार असावा, म्हणजे घाबरलेला बाप दलालाच्या तावडीत सापडणार नाही. आणि तिसरे काम सर्वांत कठीण: उपचार घेऊन परतलेल्या मुलाला मैदानावर, कामावर, पंगतीत पूर्ववत जागा द्यावी. विक्रेत्याविषयी मात्र दयामाया नको. तो आपल्या जातीचा, आपल्या गल्लीचा, आपल्या मंडळाला वर्गणी देणारा असला तरीही नको. खरी कसोटी तिथेच लागेल.

युद्धोत्तर जपानमध्ये याच मेथॅम्फेटामाइनची साथ पसरली होती. पराभूत, भुकेल्या त्या राष्ट्राने १९५१ मध्ये कडक कायदा केला आणि तरुण पिढीला त्या गर्तेतून बाहेर काढून पुन्हा उभे राहून दाखवले. भारताजवळ कायदा आहे, शास्त्र आहे, कुटुंबसंस्था आहे. उणीव आहे ती उघडपणे बोलण्याच्या धैर्याची.

अक्षसूक्ताचा शेवट ‘त्याला बांधून न्या’ या वाक्यावर होत नाही. पुढे त्याच माणसाला उपदेश मिळतो, फासे टाक, आपले शेत नांगर, तिथेच तुझ्या गायी आहेत आणि तिथेच तुझी पत्नी आहे. ऋषीने त्याला हाकलून दिले नाही; त्याला त्याचे शेत दाखवले. पोलिसांची गाडी निघून गेल्यावर जिन्यात उभ्या राहिलेल्या शेजाऱ्यांपैकी एकाने जरी ते दार ठोठावले आणि ‘उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर येतो’ असे म्हटले, तरी त्या घरातील शेत पडीक राहणार नाही.